गोळीबरोबर दह्याची गोळी: कोलायटिस असताना अँटिबायोटिकचा कोर्स कसा पार पाडावा

"पाच दिवसांचा कोर्स आहे, सोबत एक दह्याची गोळी टाकतो." पुण्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर पाच मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडेल. धडधाकट माणसाचं त्याने फारसं बिघडत नाही, झालं तर खिशाला थोडी चाट. पण ज्याचं आतडं वर्षानुवर्षं दुखणाईत आहे, त्याला हे "टाकतो" परवडत नाही.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा करणारा जुनाट आजार, होऊन बारा वर्षं झाली. दात, सायनस, लघवीचा संसर्ग अशा कारणांनी या काळात सात-आठ वेळा अँटिबायोटिक घ्यावं लागलं. त्यात एकदा सपाटून आपटले, आणि तेव्हापासून घरात एक नियम आहे. प्रोबायोटिकचं, म्हणजे त्या दह्याच्या गोळीचं, पूर्ण नाव, घ्यायची वेळ आणि बंद करायची तारीख, या तिन्ही गोष्टी माहीत असल्याशिवाय पुडी फोडायची नाही. मी डॉक्टर नाही, जुनी पेशंट आहे. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. त्यांना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं, तेवढं इथे लिहिते.

आधी ती आपटी

२०२२ मध्ये अक्कलदाढ सुजली आणि क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं. कोलायटिसचं मी दातांच्या डॉक्टरांना सांगितलंच नाही. दाताचा आणि आतड्याचा काय संबंध, असं वाटलं. सोबतची "दह्याची" कॅप्सूल अँटिबायोटिकच्याच घोटाबरोबर गिळत होते. दाढ शांत झाली, मी विसरून गेले. कोर्स संपून दहा दिवस झाले आणि जुलाब सुरू झाले, दिवसाला नऊ वेळा. कोलायटिसवाल्याच्या मनात अशा वेळी एकच शब्द येतो, फ्लेअर, म्हणजे शांत असलेला आजार पुन्हा उसळणं. कपाटात मागच्या वेळची स्टिरॉइडची स्ट्रिप होती. चार दिवस ती मनाने घेतली. आराम नाहीच, वर ताप.

पोटाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का?" मग शौचाचा नमुना टॉक्सिन तपासायला पाठवला. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, ज्याला सगळे सी-डिफ म्हणतात, पॉझिटिव्ह आलं. अँटिबायोटिकने आतड्यातली नेहमीची वस्ती उठवली की मोकळ्या जागेत हा जिवाणू घुसतो आणि त्याचं विष आतड्याला सूज आणतं. कोलायटिस असलेल्यांना त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, आणि लक्षणं हुबेहूब फ्लेअरसारखी. म्हणजे फसायला सगळी सोय.

उपचार होता व्हँकोमायसिन, आणि तेही प्यायचं. शिरेतून दिलं तर ते आतड्याच्या आत पुरेसं पोचत नाही, तोंडाने घेतलं तर रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही, आतड्यातच काम करतं. आमच्याकडे त्यासाठी इंजेक्शनची ५०० मिलिग्रॅमची कुपीच आणली, पाण्यात विरघळवली आणि फ्रीजमध्ये ठेवून १२५ मिलिग्रॅमचे चार भाग दिवसभरात घेतले. असं दहा दिवस. "इंजेक्शन, आणि प्यायचं?" म्हणून मेडिकलवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली होती. चव अशी की त्यानंतर कारलं गोड लागावं.

पायरी १: पहिली गोळी घेण्याआधी एक फोन

पहिला प्रश्न प्रोबायोटिकचा नाहीच, अँटिबायोटिक खरंच लागतं का हा आहे. सर्दी, व्हायरल घसा, साधा फ्लू यांवर ते काम करत नाही. एरवीच्या जुलाबांवर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी मेडिकलमधून परस्पर आणून खायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. आपल्यासारख्यांनी ती पहिली मोडायची. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते, तिचा अर्थ चिठ्ठीशिवाय घेऊ नये. २०१४ पासून त्यातली बरीच औषधं शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. ती देताना दुकानदाराला रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. त्याने नाव-पत्ता विचारला तर चिडू नका, तो नियम पाळतोय.

लागतंच म्हटलं, तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना, मग ते दातांचे असोत की कानाचे, तीन गोष्टी आपणहून सांगायच्या: आजाराचं नाव, रोजची सगळी औषधं आणि पूर्वी सी-डिफ झालं असेल तर ते. क्लिंडामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली औषधं आणि सेफिक्झिमसारखी सेफॅलोस्पोरिन्स यांच्यानंतर सी-डिफचा धोका तुलनेने जास्त असतो. पर्याय असेल तर डॉक्टर बदलून देऊ शकतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटची गोष्ट वेगळी. त्यातल्या क्लॅव्हुलॅनेटमुळे अनेकांना नुसतेच पातळ जुलाब होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी घाबरून जाऊ नये.

चिठ्ठीवर आणखी एक गोळी बहुधा असतेच, सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची ॲसिडिटीची. पॅन्टोप्राझोल आणि तिच्या बहिणी. पोटातलं आम्ल कमी झालं की सी-डिफचा धोका वाढतो असं दिसून आलंय, तेव्हा "ही खरंच हवी का?" हे विचारायला लाजू नका. आणि मेसालामाइन किंवा जी काही रोजची औषधं चालू आहेत ती "आता आधीच एवढ्या गोळ्या आहेत" म्हणून बंद करायची नाहीत. मी एकदा केली होती. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

पायरी २: तुम्ही प्रोबायोटिक घ्यावं का?

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. बहुतेकांना ते निरुपद्रवी असतात, सगळ्यांना नाही. छातीत किंवा मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) बसवलेली आहे, केमो चालू आहे, प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, आयसीयूतून नुकतेच बाहेर आलात, यातलं काही असेल तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय नाही. यीस्टच्या पुडीबाबत तर घरात असा पेशंट असला तरी जपायला हवं. पुडी फोडताना पावडर हवेत उडते, हाताला लागते आणि सेंट्रल लाइनवाटे रक्तात गेल्याची उदाहरणं आहेत. पुडी दुसऱ्या खोलीत फोडायची, हात साबणाने धुवायचे. ॲझाथायोप्रिन, मोठ्या डोसात स्टिरॉइड किंवा बायॉलॉजिक इंजेक्शनं अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर सरसकट नाही म्हणत नाहीत, पण विचारून.

इथे एक गल्लत फार होते. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब आणि सी-डिफ टाळायला प्रोबायोटिक घेणं ही एक गोष्ट. कोलायटिस, क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) किंवा आयबीएस (सूज नसताना पोट सतत बिघडण्याचा त्रास) बरा करायला घेणं ही सर्वस्वी दुसरी. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सल्ला दिला तो याच फरकाने: अँटिबायोटिक घेताना सी-डिफ टाळण्यासाठी काही ठरावीक प्रकार सुचवले, तेही पुरावा फार भक्कम नाही असं सांगून, आणि कोलायटिस, क्रोन्स, आयबीएससाठी मात्र संशोधनाबाहेर वापरू नका म्हटलं. मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी, म्हणजे पाऊच, केलेल्यांपैकी काहींना त्या पाऊचला सूज येते, तिला पाऊचायटिस म्हणतात; त्यांच्यासाठी आठ प्रकारच्या जिवाणूंचं एक मिश्रण त्या सल्ल्यात आहे. म्हणजे "आमच्या भाच्याला अमक्या पुडीने गुण आला" हे ऐकताना भाच्याला नेमकं काय झालं होतं ते विचारा.

आयबीएसमध्ये रिफॅक्झिमिनचा १४ दिवसांचा कोर्स देतात, तेही अँटिबायोटिकच, पण ते रक्तात फारसं न जाता आतड्यातच राहतं. त्याच्यासोबत काही घ्यायचं का, हे ज्यांनी ते दिलं त्यांनाच विचारावं. त्याचा हिशेब दाढेच्या कोर्ससारखा नाही.

पायरी ३: काउंटरवर नेमकं काय मागायचं

"दह्याची गोळी द्या" म्हटलं की समोरचा हाताला येईल ती देतो. ढोबळमानाने तीन कुळं आहेत.

पहिलं, यीस्ट. सॅकरोमायसिस बोलार्डी. १९२०च्या दशकात हेन्री बोलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींतून हे वेगळं काढलं. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, आणि हे जिवाणू नाहीच, त्यामुळे त्याच्यावर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. माझी पसंती यालाच. साधारणपणे २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. एकच पथ्य: त्याच वेळी फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीची गोळी चालू असेल तर ती याला मारून टाकते.

दुसरं, बीजाणूंवालं. ५ मिलीची ती प्लास्टिकची छोटी कुपी, लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरात असते ती. आत बॅसिलस क्लॉसीचे २०० कोटी बीजाणू. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेला जिवाणू. पोटातलं आम्ल तो सहज पचवतो आणि कुपीतले वाण (स्ट्रेन, म्हणजे एकाच जातीतले ठरावीक प्रकार) बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाहीत. पुणेकरांसाठी एक गंमत. २०२१ मध्ये आपल्याच पुण्यातल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राच्या संशोधकांनी लोणार सरोवरातल्या एका नव्या जिवाणूवर काम करताना त्याच्या भाऊबंदांची फेरमांडणी केली. त्यातल्या एका गटाला पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. योगेश शौचे यांच्या नावावरून शौचेला असं नाव दिलं, आणि आपला क्लॉसी त्या गटात गेला. खोक्यावर बहुधा जुनंच नाव दिसेल, म्हणून ओळखायला दोन्ही ठाऊक असू द्या.

तिसरं, लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियमचं, खऱ्या अर्थाने "दह्याचं". यात रॅम्नोसस जीजीसारखे नीट अभ्यासलेले वाण आहेत. पण हे जिवाणू असल्याने अँटिबायोटिकच्या तावडीत सापडतात, म्हणून वेळेचं अंतर काटेकोर पाळावं लागतं.

खोका हातात घेऊन या गोष्टी बघा. नावामागे वाणाचा क्रमांक किंवा अक्षरं आहेत का. नुसतं "लॅक्टोबॅसिलस" हे आडनाव सांगून माणूस ओळखायला सांगण्यासारखं आहे. जंतू किती आहेत. हा आकडा बिलियनमध्ये असतो, एक बिलियन म्हणजे १०० कोटी. मुदत किती राहिली. फ्रीज लागतो का. आणि बारीक अक्षरात एफओएस किंवा फ्रुक्टोऑलिगोसॅकराइड लिहिलंय का. "प्री-प्रोबायोटिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत ही साखर जिवाणूंचं खाद्य म्हणून घातलेली असते, आणि आयबीएसवाल्याचं पोट त्याने नगाऱ्यासारखं फुगतं. मग दोष अँटिबायोटिकवर जातो.

आणखी एक सापळा खास आपल्याकडचा. काही अँटिबायोटिकच्या नावापुढे "एलबी" असतं. म्हणजे त्याच गोळीत लॅक्टिक ॲसिड बॅसिलस कोंबलेला आहे. काही स्ट्रिपवर त्याचा आकडा ६ कोटी असतो, वरच्या कुपीतल्या २०० कोटींशी ताडून बघा. अंतर ठेवण्याचा तर प्रश्नच मिटला, दोघं एकाच वेळी पोटात. "एलबी आहे, मग वेगळं कशाला?" या युक्तिवादाला भुलू नका.

पायरी ४: वेळापत्रक

सुरुवात अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी. जुलाब लागल्यावर सुरू करणं म्हणजे पाऊस आल्यावर पत्रे टाकणं.

समजा अँटिबायोटिक सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता आहे. जिवाणूवालं किंवा बीजाणूवालं प्रोबायोटिक सकाळी ११ आणि संध्याकाळी ५ ला घ्या, मध्ये किमान दोन तास हवेत. तीनदा घ्यायचं अँटिबायोटिक असेल, म्हणजे सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ११, तर प्रोबायोटिक सकाळी ११ आणि संध्याकाळी ७ ला बसतं. यीस्टला एवढं अंतर लागत नाही, तरी मी ते जेवणाआधी ठरावीक वेळेला घेते, म्हणजे विसरायला होत नाही.

कशाबरोबर घ्यायचं हे वेळेइतकंच महत्त्वाचं. यीस्टची पुडी चहात किंवा गरम दुधात टाकली तर जिवंत काही उरत नाही. बर्फाचं पाणी आणि सोडाही नको. पाणी साधं, पण उकळून गार केलेलं. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले, काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. त्यानंतर आमच्याकडे उकळण्याचं पातेलं गॅसवरून उतरलेलं नाही. टँकरच्या पाण्यात प्रोबायोटिक कालवून पोट सांभाळायला निघणं हा विनोदच.

आता दही-ताक. शेजारच्या काकू प्रेमाने सांगतात, "गोळी उष्ण पडते गं, ताकाबरोबर घे." अमॉक्सिसिलिन असेल तर काकूंचं ऐकलं तरी बिघडत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सीसायक्लीन असेल तर मात्र नाही. दुधातलं कॅल्शियम या औषधांना धरून ठेवतं आणि औषध पुरेसं अंगी लागत नाही. हाच घोळ लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचा, आणि कोलायटिसवाल्यांपैकी बऱ्याच जणांच्या डबीत त्या असतात. सिप्रोफ्लॉक्सासिन घेतल्यावर दोन तासांनी त्या घ्या, किंवा सहा तास आधी. मी कोर्सपुरतं विचारून लोह रात्रीवर ढकलते, किंवा ते पाच दिवस बंद ठेवते.

घरचं दही हे प्रोबायोटिकचा पर्याय नव्हे, एवढं मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. विरजणात कुठले जिवाणू, किती, आणि ते आतड्यापर्यंत जिवंत पोचतात का, हे घरागणिक बदलतं. दही खावं ते जेवण म्हणून. यकुल्टच्या ६५ मिलीच्या बाटलीत नाव असलेला एक वाण ६५० कोटींच्या संख्येने असतो, पण साखरही असते. मधुमेह असेल तर ते ध्यानात घ्या.

फ्रीजवाला प्रकार असेल तर एप्रिल-मे मध्ये दुकानातून थेट घरी. स्कूटरच्या डिकीत ठेवून लक्ष्मी रोडवर खरेदी करत फिरलात तर घरी पोचेल ती पावडर, आतले जीव वाटेतच गेलेले. गुरुवारी आपल्याकडे वीज आणि पाणी दोन्ही उपास करतात. त्या दिवशी फ्रीजचं दार उघडझाप करू नये. प्रवास ठरला असेल तर बीजाणू किंवा बाहेर ठेवता येणारं यीस्ट बरं.

पायरी ५: नोंद ठेवा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूध आणि पेपरचे खाडे लिहितो त्याच चौकटीत मी पेन्सिलीने लिहिते: ४, प, र०, ता०. म्हणजे चार वेळा, पातळ, रक्त नाही, ताप नाही. रात्री झोपेतून उठावं लागलं तर चंद्रकोर. अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आदल्या दिवशीची नोंद सर्वांत मोलाची, कारण "माझं नेहमीचं" काय ते तिथे कळतं. आणि नोंद कोर्स संपला की थांबवायची नाही, पुढे आठ आठवडे चालू ठेवायची. माझं जे झालं ते कोर्स संपल्यानंतरच झालं, आणि तेव्हा कॅलेंडर कोरं होतं.

पायरी ६: कधी फोन उचलायचा

नेहमीपेक्षा दिवसाला तीन किंवा जास्त वेळा पातळ शौचाला जावं लागतंय आणि ते दोन दिवस टिकलंय; ताप; पोटात कळा किंवा पोट फुगून कडक होणं; रक्त दिसणं किंवा वाढणं; लघवी कमी, उभं राहिल्यावर गरगरणं. यातलं काही असलं तर वाट बघू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "मी अमुक तारखेपर्यंत अमुक अँटिबायोटिक घेत होते, सी-डिफची तपासणी करायची का?" हे दोन-तीन महिने उलटून गेल्यावरही सांगायचं.

तपासणी होईपर्यंत लोपेरामाइडसारखी जुलाब थांबवणारी गोळी घ्यायची नाही, विष आतच कोंडलं जातं. मनाने स्टिरॉइड तर नाहीच नाही. ओआरएस सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. घरात सी-डिफ निघालंच तर सॅनिटायझरवर विसंबू नका. त्याच्या बीजाणूंना अल्कोहोलने काही होत नाही. साबण आणि वाहतं पाणी, आणि संडास ब्लीचने धुवायचा.

नुसता गॅस, गुरगुर, थोडं पोट फुगणं हे पहिले तीन-चार दिवस चालतं. त्याहून वाढलं तर प्रोबायोटिक थांबवून बघा. अँटिबायोटिक मात्र न विचारता अर्ध्यावर सोडू नका.

पायरी ७: बंद करायची तारीख

मी कॅलेंडरवर पहिल्याच दिवशी दोन गोल करते. एक अँटिबायोटिकच्या शेवटच्या दिवसाला, दुसरा त्यानंतर एका आठवड्याने. काही डॉक्टर दोन आठवडे सांगतात. पण "चालू राहू दे, नुकसान तर नाही ना" हे मी आता ऐकत नाही. २०१८ मध्ये 'सेल' या नियतकालिकात इस्रायलच्या वाइझमन संस्थेचा एक अभ्यास आला. २१ निरोगी माणसांना आठवडाभर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल दिलं. नंतर काहींना महिनाभर अकरा वाणांचं प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. ज्यांना काही दिलं नाही त्यांची मूळची वस्ती लवकर परतली. प्रोबायोटिक घेणाऱ्यांची कित्येक महिने रखडली. अभ्यास लहान, माणसं निरोगी, आणि मिश्रण एकच, म्हणून त्यावरून सगळ्या पुड्यांना झोडपणं बरोबर नाही. पण भाडेकरू फार दिवस राहिला की घरमालकाला परतायला जड जातं, एवढं पुणेकराला वेगळं समजावायला नको.

दुसऱ्या गोलानंतर काम जेवणाचं. आजार शांत असेल तर तीन-चार दिवसांत एकेक पदार्थ वाढवत न्या: मऊ भात आणि मुगाचं वरण, मग शिजलेला दुधी-भोपळा, मग ज्वारीची भाकरी, सोबत नाचणीची आंबील किंवा पातळ ताक. कोशिंबीर आणि मोडाची उसळ सगळ्यात शेवटी. फ्लेअर चालू असेल तर हा क्रम तुमच्या डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवून मगच.

उरलेल्या प्रोबायोटिकच्या पुड्यांवर मुदत लिहून वेगळ्या डबीत ठेवा. अँटिबायोटिकची किंवा स्टिरॉइडची एखादी गोळी उरली असेल तर ती कपाटात ठेवू नका. माझ्या त्या चार दिवसांची सुरुवात तशाच एका अर्ध्या स्ट्रिपने झाली होती.